अमेरिकेची साक्ष आणि मराठी समीक्षा

दलित साहित्याविषयी लिहिताना अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा उल्लेख करण्याची प्रथा मराठीत इतकी रूढ झाली आहे की, तो उल्लेख नसलेला प्रबंध वाचकास अपुरा वाटावा. प्रथेची कुळी मोठी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केले, तेथून ती चालत आली. तेव्हा प्रथेविरुद्ध आमचे म्हणणे नाही. आमची तक्रार एवढीच की, मराठी समीक्षेने अमेरिकेला साक्षीदार म्हणून पुनःपुन्हा उभे केले. त्या साक्षीदाराची उलटतपासणी मात्र क्वचितच घेतली.

फुल्यांना ती घेण्याचे कारण नव्हते. त्यांना आपल्या देशबांधवांपुढे एक नजीर ठेवावयाची होती, आणि ती त्यांनी ठेवली. पुस्तक निघाल्यानंतर चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतील संस्थानांतून केंद्राचे सैन्य काढून घेण्यात आले आणि मुक्त झालेल्यांचे हक्क एकेक करून हिरावले जाऊ लागले. चळवळ करणारास नजीर पुरते. समीक्षकास पुरू नये. बाबासाहेब आंबेडकरांनी ही तपासणी केली होती. गुलाम आणि अस्पृश्य ह्यांची तुलना करून अस्पृश्यता ही गुलामगिरीहून अधिक वाईट असे त्यांनी ठरविले. महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये काढलेल्या त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात हे विवेचन आहे. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्यामुळे त्यास जगविण्यात मालकाचा स्वार्थ होता, अस्पृश्यास जगविण्यात कोणाचाच नव्हता, हा त्यांचा युक्तिवाद आम्हांस सर्वस्वी पटत नाही. लिलावात पोटचे मूल विकले जाणाऱ्या आईपुढे तो लंगडा पडतो. पण तो युक्तिवाद आहे, नुसता दाखला नव्हे.

ह्या तपासणीची सामग्री आमच्या हैदराबादेतच होती. १९६४ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात 'अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर' स्थापन झाले. देशातील नाना विद्यापीठांचे अध्यापक तेथे येऊन राहत आणि द्युबॉइस, रिचर्ड राइट, एलिसन, बॉल्डविन ह्यांचे ग्रंथ वाचीत. संस्थेचे नाव पुढे बदलले, कारभारही बदलला. तेथे झालेल्या वाचनाचे पीक मात्र बहुतांशी इंग्रजी प्रबंधांच्या रूपाने निघाले. मराठीत ह्या विषयास स्वतंत्र ग्रंथ देणारे जनार्दन वाघमारे, अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे, अशी मोजकीच नावे घेता येतात. वानखेड्यांचे कार्यक्षेत्र औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय. ते १९५० मध्ये निघाले तेव्हा औरंगाबाद हैदराबाद राज्यातच होते. १९५६ ची प्रांतरचना झाली आणि दोन्ही शहरांतील मराठी वाचक एकमेकांस दुरावले. त्यात वाङ्मयाचेही नुकसान झाले आहे.

आणखी एक गोष्ट ह्याच शहरातली. लकडीकापुलाच्या पलीकडे 'ए. सी. गार्ड्स' नावाचा मोहल्ला आहे. ती अक्षरे निजामाच्या आफ्रिकन घोडदळाची, आणि त्या शिपायांचे वंशज अद्याप तेथे राहतात. मराठी प्रबंधकार 'नीग्रो' हा पुस्तकी शब्द (जो त्या समाजाने आता टाकून दिला आहे) खर्च करीत असता, 'हबशी' आणि 'सिद्दी' हे आपल्याच भाषेचे जुने शब्द कोणास आठवले नाहीत. मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनेत आला, निजामशाहीचा सूत्रधार झाला, १६१० मध्ये त्याने खडकी वसविली. तीच पुढे औरंगाबाद झाली. १६२६ मध्ये तो वारला तेव्हा मोगलांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. त्याच सतराव्या शतकात व्हर्जिनियात काळा वर्ण म्हणजे पिढीजात गुलामी, असा कायदा आकार घेत होता. वर्ण दोन्हीकडे एकच, अर्थ निराळा. वंश ही निसर्गाची नव्हे, तर कायद्याने व व्यवहाराने घडविलेली वस्तू होय, हे अमेरिकन विद्वानांचे प्रतिपादन आहे. त्याचा पुरावा आपल्या दख्खनेच्या इतिहासात पडून आहे.

आता वाङ्मयाकडे येऊ. तुलना करावयाची तर कृतीशेजारी कृती ठेवून करावी. नेला लार्सन ह्या लेखिकेची 'पासिंग' ही कादंबरी १९२९ ची. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. दोन्हीकडे मूळ लपविण्याची गोष्ट आहे. लार्सनची क्लेअर गोरीपान आहे, म्हणून तिला गोऱ्यांत मिसळता येते. काळ्यांचा तिरस्कार करणाऱ्या नवऱ्याशी ती संसार करते. तिच्या भीतीचे स्थान कोणते? स्वतःचे शरीर. जन्मास येणारे मूल सावळे निघेल काय, ह्या धास्तीत तिचे गरोदरपण जाते. बागुलांच्या निवेदकास अशी भीती नाही. रेल्वेतील नोकरी आणि परप्रांतात राहावयास जागा, एवढेच त्यास हवे आहे. त्याच्या अंगावर काहीही लिहिलेले नाही. म्हणूनच त्याला पाहणारा प्रत्येक जण प्रथम प्रश्न विचारतो. अमेरिकेत लपविण्याची संधी थोड्यांना आणि आपल्याकडे सर्वांना, हा वरवरचा भेद झाला. खरा भेद असा की, क्लेअरला आपल्या देहापासून पळावे लागते, तर बागुलांच्या नायकास उच्चारल्या जाणाऱ्या शब्दापासून: नावापासून, गावापासून. उघडकीस आल्यावर तो मार खातो, आणि त्यास सोडवितो तो काशीनाथ, ज्याने आपली जात कधी लपविलीच नाही. क्लेअर खिडकीतून पडून मरते. ती पडली की ढकलली गेली, हे लेखिका सांगत नाही.

द्युबॉइसने १९०३ मध्ये 'दुहेरी जाणीव' ही कल्पना मांडली. आमचे समीक्षक ती दलित आत्मकथनांस सरसकट लावतात. 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांस सांगतो. येथे दुभंग आहे खरा, पण तो दोन नावांमधला आहे. द्युबॉइसचे दोन्ही आत्मे जगास उघड दिसतात. दगडूला दया पवारांनी आड ठेवले आहे. ही सूक्ष्मता सोडली की कल्पना शिक्क्यासारखी उमटविता येते, आणि तशी ती उमटविली गेली आहे.

'पँथर' ह्या नावाविषयी फार लिहिणे नको. ऑकलंडमध्ये १९६६ साली स्थापन झालेल्या पक्षाचे नाव १९७२ मध्ये मुंबईच्या तरुण लेखकांनी उचलले. त्यांच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात 'दलित' शब्दात भूमिहीन, कामगार आणि स्त्रिया ह्यांचाही समावेश झाला, हे नाव घेण्याहून महत्त्वाचे होते. त्यावरूनच संघटना फुटली.

नवल असे की अमेरिकेत साक्ष उलट्या दिशेने चालली होती. १९३६ मध्ये लॉइड वॉर्नरने अमेरिकन दक्षिणेस 'जाती'ची परिभाषा लावली. १९४८ मध्ये ऑलिव्हर कॉक्सने ती खोडून काढली. १९६० मध्ये बेरेमनने पुन्हा उचलून धरली. इझाबेल विल्करसनचा 'कास्ट' हा ग्रंथ २०२० चा. मधल्या काळात, १९४६ मध्ये, आंबेडकर आणि द्युबॉइस ह्यांचा पत्रव्यवहार झाला, तो जेमतेम दोन पत्रांचा. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल नगराने जातिभेदास कायद्याने मनाई केली आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने तशाच विधेयकास नकार दिला. विद्यमान कायद्यात तो भेद निषिद्धच आहे, असे त्याचे कारण.

त्या वादात पडणाऱ्या अमेरिकन वाचकास बागुलांचा संग्रह इंग्रजीत मिळतो. जेरी पिंटो ह्यांचा अनुवाद २०१८ मध्ये निघाला. शीर्षकात त्यांनी 'चोरली' ह्या शब्दाच्या जागी 'लपविली' अशा अर्थाचा शब्द घातला आहे. इंग्रजीस ते सोपे पडले असेल, पण आम्हांस तेथे अडखळल्यासारखे होते. मराठीत हे क्रियापद चोरीचे आहे. जे आपल्याच जवळ आहे ते माणसाने चोरले, असे भाषा म्हणते आणि गुन्हेगार ठरवून मोकळी होते. बागुलांनी तो आरोप शीर्षकातच स्वतःच्या तोंडी घेतला आहे. लार्सनचा 'पासिंग' हा शब्द ह्याच्या उलट, ओलांडून जाण्याचा आहे. त्या कादंबरीचे मराठी रूपांतर करणारास ह्या दोन क्रियापदांत निवड करावी लागेल. 'चोरणे' घेतल्यास क्लेअर गुन्हेगार ठरेल. 'ओलांडणे' घेतल्यास मराठी वाचकास तिची धास्ती कळणार नाही.