गुळवेलीचा आडवा छेद

पुण्यात गुळवेल पाहायला फार लांब जावे लागत नाही. रस्त्याकडेच्या कडुनिंबावर ती चढलेली असते, सोसायटीच्या कुंपणाच्या जाळीत गुंतलेली असते, वेताळ टेकडीच्या उतारावर झुडपांतून वाट काढताना दिसते. रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात गेलात तर तिचे वाळलेले, बोटाएवढे जाड तुकडे मिळतात. कोरोनाच्या काळात तर घरोघरी तिचा काढा उकळला गेला आणि बाल्कनीतल्या कुंड्यांत तिची कांडे रोवली गेली. इतक्या परिचयाच्या वेलीचे रसग्रहण कशासाठी, असे कुणी विचारील. त्याला माझे उत्तर असे, की पुस्तकाच्या मुखपृष्ठाशी असावा तेवढाच आपला तिच्याशी परिचय आहे. धारदार पात्याने तिचा आडवा छेद घेतला, की पुस्तक उघडते. आणि मग बाहेर हाताला लागलेल्या प्रत्येक खुणेचे कारण आत सापडू लागते.

सुरुवात सालीपासून करू. कोवळे खोड हिरवे, गुळगुळीत आणि पेरांशी फुगीर असते. जून झाले, की त्यावर फिकट तपकिरी, उभ्या चिरा पडलेला पापुद्रा येतो. तो इतका पातळ असतो, की अंगठ्याने नुसता चोळला तरी सुटून येतो. सूक्ष्मदर्शकाखाली या पापुद्र्याचे दोन थर दिसतात. बाहेरच्या पेशी जाड भित्तींच्या, तपकिरी, एकमेकींवर दाबल्या गेलेल्या. आतल्या तीनचार ओळी पातळ भित्तींच्या आणि रंगहीन. हा त्वक्षेचा, म्हणजे बुचाचा थर. आतल्या ओळी नव्या, बाहेरच्या जुन्या. खोड जाड होऊ लागले की जुन्या ओळींना ताण सोसत नाही आणि त्या उभ्या फाटतात. आपल्या अंगठ्याखाली सुटलेला पापुद्रा म्हणजे वेलीने वाढता वाढता मागे टाकलेले वय. एवढ्या पातळ थरात काळाचा क्रम इतका नीटस मांडलेला पाहून मन तृप्त होते.

आता त्या पापुद्र्यावरच्या बारीक, गोल पुटकुळ्या पाहा. ही वल्करंध्रे, खोडाला हवा घेण्यासाठी असलेली दारे. छेद नेमका अशा पुटकुळीतून गेला, तर बुचाची सलग रांग तिथे तुटलेली दिसते आणि एक गोष्ट लक्ष वेधून घेते. दाराच्या लगेच आत, दोन ते दहा पेशींचे लहान गट बसलेले असतात. त्यांच्या भित्ती दगडासारख्या कठीण झालेल्या असतात. फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब दिले, की या पेशी गुलाबी-लाल होतात, कारण त्यांच्या भित्तींत लिग्निन भरलेले असते. सालीला जिथे भोक, तिथेच आत कठीण पेशींचा पहारा. हे गट इतके लहान असतात, की घाईने पाहणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटतात. पण एकदा दिसले, की पुढे प्रत्येक छेदात डोळे आधी तेच शोधतात.

जाणता माणूस गुळवेल नखाने खरवडून पाहतो. पापुद्र्याखाली लगेच हिरवा रंग लागला, की त्याची पहिली खात्री पटते. मग कांड्याचा तुकडा जिभेला लावतो: कडू, आणि किंचित बुळबुळीत. नखाला लागलेला तो हिरवा रंग सूक्ष्मदर्शकाखाली हरितद्रव्याने भरलेल्या आडव्या पेशींच्या तीन ते पाच ओळींमध्ये सापडतो. उन्हाळ्यात वेलीची पाने झडतात, तेव्हाही खोडातला हा हिरवा थर प्रकाश वापरू शकतो. त्याच्या आत मध्यत्वचेत, पिष्ठाने म्हणजे स्टार्चने गच्च भरलेल्या बहुकोनी पेशींच्या गर्दीत, स्रावक पेशी विखुरलेल्या असतात आणि जिभेला जाणवलेल्या बुळबुळीतपणाचा उगम तिथे असतो. नख आणि जीभ ही दोन्ही किती भरवशाची साधने आहेत, याची साक्ष भिंग देते. परंपरेच्या परीक्षेला प्रयोगशाळेत मिळालेली ही दाद मला फार मोलाची वाटते.

पण छेदाचे खरे सौंदर्य याच्याही आत आहे. वाळलेल्या कांड्याचे तोंड नीट तासून उजेडात धरा. भिंगाशिवायही मध्यापासून कडेकडे निघालेल्या फिकट रेघा दिसतील, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. संस्कृत निघंटूंनी या वेलीला चक्रलक्षणिका म्हटले आहे. म्हणजे ओळख पटवण्यासाठी वेल कापून तिचा छेद पाहावा, ही रीत भिंगाच्या कितीतरी आधीची आहे. त्या नावात वर्णन आहे आणि परीक्षेची सूचनाही आहे. नाव ठेवणाऱ्याच्या नजरेची ही नेमकी पकड कुठल्याही शास्त्रज्ञाने हेवा करावा अशी आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली ते चाक उलगडते. प्रकाष्ठाच्या, म्हणजे लाकडाच्या, पाचरीच्या आकाराच्या दहा-बारा किंवा त्याहून अधिक पट्ट्या मध्याभोवती मांडलेल्या असतात. प्रत्येक पाचरीच्या रुंद टोकावर परिकाष्ठाची, म्हणजे अन्न वाहणाऱ्या ऊतीची, अर्धवर्तुळाकार टोपी असते, आणि दोघांच्या मधे ऊतककराची, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या थराची, एकदोन ओळींची रेघ. दोन पाचरींच्या मधली जागा म्हणजे निकाष्ठ किरण, आपल्या चाकाचे आरे. ते पंधरा-वीस पेशींइतके रुंद असतात. बहुतेक वृक्षांच्या लाकडात किरण अरुंद असतात आणि लाकूड सलग, घट्ट असते. इथे लाकूड तुकड्यातुकड्यांत वाटून मधे मऊ पेशींची ऐसपैस जागा सोडलेली आहे. वेलीच्या जगण्याशी हे किती जुळते! तिला झाडाभोवती पीळ घालायचा असतो, वाऱ्याबरोबर झुलायचे असते. सलग लाकूड अशा पिळात तडकले असते. इथे ताठपणा पाचरींनी सांभाळला आहे आणि लवचीकपणा किरणांनी. कामाची अशी चोख वाटणी एका बोटाच्या जाडीत बसवलेली आहे.

पाचरीतल्या वाहिन्यांकडेही पाहायला हवे. बारीक खोडातून उंच शेंड्यापर्यंत पाणी न्यायचे, म्हणून त्या चांगल्याच रुंद असतात. भित्तींवर किनार असलेले खाचे, आणि काही मोठ्या वाहिन्यांत शेजारच्या पेशींनी आत फुगे काढून वाट बुजवलेली. परिकाष्ठाच्या बाहेर तंतूंचे गट आहेत. त्यांची टोके निमुळती आणि पोकळी रुंद. त्यांना लागून लहान लहान कप्प्यांच्या साखळ्या, आणि प्रत्येक कप्प्यात कॅल्शियम ऑक्झलेटचा एकच टोकदार, प्रिझमसारखा स्फटिक. ध्रुवित प्रकाशात पाहिले, तर काळोख्या पार्श्वभूमीवर हे स्फटिक ओळीने उजळतात. एका कप्प्यात एकच स्फटिक, ही शिस्त या साखळ्यांत पाळलेली दिसते. निसर्गाच्या नेटकेपणाचा याहून देखणा नमुना क्वचित पाहायला मिळतो.

आणि आता पिष्ठ. किरणांच्या आणि मधल्या भेंडाच्या पातळ भित्तींच्या पेशी पिष्ठकणांनी भरलेल्या असतात. आयोडीनचा एक थेंब सोडला, की चाकाचे आरे गर्द निळे होतात आणि पाचरी तशाच राहतात. सारा छेद एका क्षणात दोन रंगांत विभागला जातो. कण गोल, अर्धगोल, लंबगोल असे मिश्र आकारांचे. व्यास साधारण ५.५ ते ११ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. नीट पाहिले तर मधोमध एक ठिपका आणि त्याभोवती अगदी पुसट वलये. घरोघरी ओळखीचे असलेले गुळवेल सत्त्व मुख्यतः याच कणांचे असते. ओली वेल ठेचायची, पाण्यात कुस्करायची, गाळायची, पाणी निवळू द्यायचे, वरचे पाणी ओतून टाकून खालचा पांढरा साका वाळवायचा. या साऱ्या खटाटोपात वैद्य पिष्ठकण मोकळे करत असतो. वेलीचे आणखी एक जुने नाव छिन्नरुहा, तोडली तरी पुन्हा वाढणारी. तोडलेले कांडे टांगून ठेवले तरी ते तग धरते, बारीक हवाई मुळे खाली सोडते. त्या तग धरण्याची शिदोरी याच निळ्या आऱ्यांमध्ये साठवलेली आहे. पीळ सोसण्याची ताकद, चाकाची खूण, सत्त्वाचा साका आणि पुन्हा रुजण्याची जिद्द: चारही गोष्टी त्या रुंद किरणांकडे येऊन मिळतात. गुळवेलीच्या रचनेचे मर्म मला इथे सापडते.

पानाकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. हृदयाकृती, पातळ, १० ते २० सेंटिमीटर लांब, देठाशी खोल खाच आणि तिथून निघालेल्या सात मुख्य शिरा, हे सगळ्यांना दिसते. सहसा न दिसणारी गंमत देठात आहे. देठ दोन्ही टोकांना फुगीर असतो, आणि खालचा फुगवटा अधिक लांब, अर्धवट पिळलेला असतो. वेल कशीही वळली तरी पान प्रकाशाकडे तोंड करून राहावे, यासाठी केलेली ही सोय. फुले हिरवट पिवळी, इवलीशी, आणि नर-मादी वेगवेगळ्या वेलींवर. उन्हाळ्यात पानांचा पसारा नसताना ती येतात. मग वाटाण्याएवढ्या लाल फळांचे घोस लटकतात, आणि आतली बी बाकदार असते, तिच्या कुळाची ओळख सांगणारी. वर्षभर वेल समोर असूनही हा फुलाफळांचा ऋतू नजरेत न भरलेले लोक कितीतरी आहेत. एका चैत्र-वैशाखात नुसते थांबून पाहावे इतका तो लोभस आहे.

या बारकाव्यांना आज वेगळेच वजन आले आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतविकाराचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये गुळवेल आणि तिची भावंड जात टिनोस्पोरा क्रिस्पा यांतला फरक सांगणारी सूचना काढली. वादातल्या दोन्ही बाजूंना एका प्रश्नाला सामोरे जावेच लागले: रुग्णांनी घेतली ती वेल नेमकी कोणती? त्या सूचनेतला फरक रसिकाने मनात ठेवावा असा आहे. गुळवेलीचे खोड हिरवट, त्यातून दुधाळ चीक येत नाही, फुलात सहा पाकळ्या, फळ गोल आणि लाल. क्रिस्पाचे खोड करडे, त्यावर ठळक गाठी, चीक दुधाळ, पाकळ्या तीन, फळ लंबगोल आणि केशरी. गल्लत होण्याची जागा खोडावर आहे. गुळवेलीच्या जून खोडावरही पुटकुळ्या असतातच, पण त्या बारीक आणि गोल वल्करंध्रांच्या. क्रिस्पाच्या गाठी बऱ्याच उठावदार. तिसरी बहीण टिनोस्पोरा सायनेन्सिस, तिच्या पानाची खालची बाजू लवदार असते, बोट फिरवले की कळते. एकेक खूण एकटी फसवू शकते. पण साल, चीक, पान, फळ आणि छेद असे सगळे एकमुखाने बोलू लागले, की शंकेला जागा उरत नाही. निदानाचा असा ठामपणा अनुभवण्यात एक निर्मळ आनंद आहे.

सर्वांत अवघड परीक्षा चूर्णाची. तिथे ना चाक, ना पापुद्रा, ना पान. तरीही अनुभवी परीक्षक डगमगत नाही. चिमूटभर चूर्ण क्लोरल हायड्रेटमध्ये उकळून तो स्वच्छ करतो, आणि मग बुचाचे तपकिरी तुकडे, खाचे असलेल्या वाहिन्यांचे अवशेष, दगडी पेशी आणि स्फटिकांच्या तुटक साखळ्या एकेक करून ओळखतो. क्लोरल हायड्रेटने पिष्ठकण मात्र फुगून विरघळतात, म्हणून पिष्ठासाठी तो दुसरी काच नुसत्या पाण्यात लावतो. एकाच चिमटीच्या दोन काचा, आणि दोन्ही मिळून एक पूर्ण साक्ष. कशाने काय दिसते इतकेच जाणून भागत नाही, कशाने काय नाहीसे होते हेही ठाऊक असावे लागते. या कलेतले खरे कसब मला या दोन काचांत दिसते.

या कसबाला पुण्यात मुळे आहेत. इथल्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा बृहद्ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. इथल्या वनस्पतींची नावे पक्की करताना अभ्यासक आजही तो उघडतात. १९४६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या पुढाकाराने महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली. तिची संशोधन संस्था आज आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. तिथल्या वनस्पतिसंग्रहात वाळवलेले नमुने आहेत आणि औषधी वनस्पतींची ओळख शास्त्रीय पद्धतीने प्रमाणित करून दिली जाते. १९५५ पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्रही याच शहरात आहे. अशा संग्रहातल्या एका कागदावर नमुना, गावाचे नाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते, आणि तेवढ्यामुळे शंभर वर्षांनी कुणीही आपला तुकडा त्याच्याशी ताडून पाहू शकतो. अचूकपणा असा पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवण्याची ही रीत मला आदरणीय वाटते.

म्हणून गुळवेलीच्या प्रत्येक चाहत्याला माझी कळकळीची विनंती आहे. काष्ठौषधीच्या दुकानात चूर्णाची पुडी मागण्याआधी एक अख्खे कांडे मागावे. पापुद्रा सोलावा, पुटकुळ्या पाहाव्यात, नखाने खरवडून हिरवा रंग शोधावा, तोंड तासून चाक उजेडात धरावे. शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ओळख असेल, तर एक पातळ काप घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाकून बघावा. जी वनस्पती आपण विश्वासाने पोटात घेतो तिला इतक्या बारकाईने पाहणे हे तिच्याबद्दलच्या कृतज्ञतेचेच एक रूप आहे, आणि ती खरीच गुळवेल असल्याची पहिली खात्रीही त्यातूनच मिळते.