दाखल्याबाहेरचे मूल : ‘उपरा’ आणि ‘जिणं आमुचं’

फलटणच्या मातीतून मराठीला दोन आत्मकथने मिळाली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ 1980 साली आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ 1986 साली पुस्तकरूपाने आले. एक कैकाड्याच्या पोराचे, दुसरे महारवाड्यातल्या लेकीचे. दोन्हींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण या पुस्तकांतल्या मुलांसाठी प्रस्थापित समीक्षेने एकच शब्दप्रयोग राखून ठेवला आहे : ‘हरवलेले बालपण’. जे हरवते ते आधी आपल्या मालकीचे असावे लागते. या पोरांच्या हातात बालपण कुणी कधी दिले होते? ते न देण्याची व्यवस्था काय होती, त्यात गावाचा वाटा किती, जातीचा किती आणि कायद्याचा किती, हा खरा प्रश्न आहे. ‘हरवले’ म्हटले की दोष नशिबावर जातो आणि वाचक हळहळून मोकळा होतो.

‘उपरा’तले मूल गाढवाच्या पाठीवरच्या बिऱ्हाडाबरोबर हिंडते. फोक आणायचे, कणग्या-टोपल्या विणायच्या, गावोगाव विकायच्या, उरलेल्या पोटासाठी मागून खायचे. बापाने पोराला शाळेत घातले, पण बिऱ्हाड हलले की शाळा सुटते. शाळा गावात राहते आणि पोर वेशीबाहेर पालात. आपल्या शिक्षणव्यवस्थेने विद्यार्थी म्हणून जो मुलगा डोळ्यांपुढे ठेवला त्याला घर आहे, कायमचा पत्ता आहे, जन्मतारीख आहे. कैकाड्याच्या पोराजवळ यातले काहीच नाही. मान्यांची जन्मतारीख 1 जून 1949 अशी नोंदली जाते. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून ज्याच्या घरी तारीख ठाऊक नाही त्याला गुरुजींनी 1 जून बहाल करायचा, ही महाराष्ट्रभरची रीत. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि माझ्याही दाखल्यावर 1 जूनच आहे. ज्या देशात कायद्याने मूल कोण हे वयावरून ठरते, तिथे एका मोठ्या समाजाच्या मुलांचे वय मास्तरच्या अंदाजाने ठरले आहे. कायदा आणि ही मुले यांची पहिली गाठ पडते ती अशी.

पहिली म्हणणेही खरे नव्हे. त्याआधी एक कायदा या मुलांना चांगला ओळखत होता. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवले. 1911 च्या सुधारित कायद्याने तर सहा वर्षांवरच्या आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. 1924 साली मुंबई प्रांतात मुलांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याच साली गुन्हेगार जमातींचा कायदा नव्याने, आणखी पक्का करून लिहिला गेला. एकाच राज्यकर्त्याच्या दप्तरात एका मुलाला संरक्षण आणि दुसऱ्याला हजेरी! दुसरा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभरातून रद्द झाला. पण पोलीस पाटलाच्या नजरेतून तो रद्द झाला का, याचे उत्तर ‘उपरा’च्या पानापानावर आहे.

कायद्याने पुढे या मुलाला विमुक्त म्हटले. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत मोडतो आणि फलटणला मोडत नाही. म्हणजे मूल तेच, धंदा तोच, पाल तेच. जिल्हा बदलला की त्याचे घटनात्मक स्थान बदलते. आणि जातीचा दाखला हवा तर 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा आणा. ज्याचा आजा एका गावात महिनाभर टिकला नाही त्याने पुरावा कुठल्या गावच्या चावडीत शोधायचा? ‘उपरा’ या एका शब्दात हा सगळा व्यवहार आला आहे. समीक्षकांनी मात्र त्याचा अर्थ मनाच्या परकेपणात शोधला.

‘जिणं आमुचं’कडे वळले की मुलाचा प्रश्न मुलीचा होतो, आणि अधिक अवघड होतो. बेबीताईंचा जन्म 1929 चा. शारदा कायदाही 1929 चाच. त्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवले. बेबीताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले. फलटण तेव्हा निंबाळकरांचे संस्थान होते, ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तिथे आपोआप लागू नव्हता. पण तो असता तरी महारवाड्यात कोण घेऊन येणार होते? पुस्तकातली आठ-नऊ वर्षांची सून पहाटेच्या अंधारात जात्यावर बसते, भाकरी नीट थापता येत नाही म्हणून सासूचा मार खाते, आणि माहेरी पळाली तर तिच्या पायात लाकडाचा खोडा अडकवला जातो. हा खोडा वरच्या जातीने घातलेला नाही. तो आपल्याच माणसांनी, आपल्याच लेकीसारख्या पोरीला घातला. हे लिहिण्याचे धाडस बेबीताईंनी केले, आणि तेही नवऱ्यापासून वह्या लपवून. ते लेखन वर्षानुवर्षे पडून राहिले होते. मॅक्सिन बर्नसन यांनी ते बाहेर काढवले आणि ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः छापून आले. आपल्या चळवळीच्या व्यासपीठांवरून सवर्णांचा खोडा सांगितला जातो, तेवढ्या मोकळेपणाने हा खोडा सांगितला जात नाही. का नाही?

त्याच पुस्तकात थोरला मुलगा देवीला वाहून पोतराज करण्याची चाल आहे. मुलींना देवाला सोडण्याविरुद्ध मुंबई प्रांतात 1934 साली कायदा झाला, पण त्या कायद्यात पोतराज होणारा मुलगा बसत नाही. घराण्याचा नवस मुलाच्या अंगावर फेडायचा, म्हणजे मूल हा घराण्याचा ऐवज झाला. बाळंतिणीची उपासमार, आईच्या अंगावर दूध नाही म्हणून जाणारी अर्भके, हे सारे बेबीताई ‘मी’ न म्हणता ‘आम्ही’ म्हणत सांगतात. यामुळे पुस्तकाला बळ येते. एका मुलीचे दुःख म्हणून ते बाजूला सारता येत नाही. पण त्याची किंमतही द्यावी लागते. त्या आम्हीत एखादे पोर क्षणभर दिसते आणि लगेच समूहात मिसळते. तिचे नाव काय, तिला कशाची भीती वाटत होती, ते कळत नाही. ‘उपरा’ याच्या उलट. तिथे एक मुलगा आपल्याला अंतर्बाह्य कळतो, मात्र त्याच्या बरोबरीने टोपल्या विणणाऱ्या मुली सावलीत राहतात. शाळा हा एका मुलाचा सुटण्याचा रस्ता होतो. पालात मागे राहिलेल्यांचे काय, हे विचारायला निवेदकाला उसंत नाही.

आमच्या वर्गातही ‘उपरा’ शिकवताना विद्यार्थी टिपणवहीत लिहून घेतात : ‘लेखक जिद्दीने शिकला.’ जिद्द होती, यात वाद नाही. पण जिद्द ही मुलाच्या हक्काची जागा घेऊ लागली की शासन सुटते. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे मागितले होते. सक्ती कुणावर? राज्यावर. शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापुरात ती स्वतःवर घेतली. घटनेच्या 45 व्या कलमाने दहा वर्षांची मुदत घातली, ती 1960 साली संपली, आणि शिक्षणाचा हक्क कायद्याने यायला 2009 उजाडले. आज जन्माच्या दाखल्यावाचून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे त्या कायद्याने मान्य केले. ‘उपरा’नंतर एकोणतीस वर्षांनी!

पण 2016 साली बालमजुरीचा कायदा दुरुस्त झाला तेव्हा दुसऱ्या दाराने जुनेच आत आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी. अपवाद, शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत कुटुंबाच्या धंद्यात मदत केली तर. कुटुंबाचा धंदा! या देशात कुटुंबाचा धंदा म्हणजे काय, हे ‘उपरा’ वाचलेल्याला सांगावे लागत नाही. कैकाड्याचे फोक, वडाराची छन्नी, चांभाराची आरी हे सगळे कुटुंबाचेच धंदे. जात ज्या वाटेने बापाकडून पोराकडे जाते ती वाट कायद्याने ‘मदत’ म्हणून मोकळी ठेवली. विधेयकावरच्या चर्चेत ही आत्मकथने कुणी पुरावा म्हणून वाचायला हवी होती. आपण ती फक्त साहित्य म्हणून वाचत बसलो, हा आपल्या समीक्षेचाही दोष आहे.

बेबीताईंनी पुढे फलटणजवळ निंबुऱ्याला वंचित मुलांसाठी आश्रमशाळा काढली. बर्नसन यांनी फलटणच्या दलित वस्तीतल्या, शाळेने टाकून दिलेल्या मुलांपासून कामाला सुरुवात केली आणि 1984 साली प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. ही कामे या दोन पुस्तकांच्या शेजारी ठेवूनच वाचली पाहिजेत.

फलटणच्या परिसरात हंगाम सुरू झाला की उसाच्या फडाकडेला कोप्या पडतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको. करार दोघांचा. पोर करारात नाही, हजेरीत नाही, तिकडे गावच्या शाळेच्या पटावर आहे. इथे ते धाकट्याला काखेला मारून वाढे गोळा करते, मोळीला हात लावते. विचारले तर उत्तर ठरलेले आहे : आईला मदत करते.