वस्तीनिहाय गुन्हेगारी दरांची तुलना : परभणी शहराच्या संदर्भात एक चिकित्सा

शहराच्या कोणत्या भागात गुन्हेगारी अधिक आहे, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः पोलीस ठाण्यांच्या आकडेवारीवरून दिले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार ३,०७,१७० लोकसंख्या असलेल्या परभणी शहरात कोतवाली, नानलपेठ व नवा मोंढा ही ठाणी आहेत. एकेका ठाण्याच्या हद्दीत परस्परभिन्न वस्त्या येतात. त्यामुळे ठाण्याचा दर हा वस्तीचा दर ठरत नाही.

नोंदविलेल्या गुन्ह्यांना लोकसंख्येने भागून एक लाखाने गुणले असता दर मिळतो. यातील भाजक रहिवाशांचा असतो. मोंढ्यात दिवसा येणारा शेतकरी त्यात नसतो. मात्र त्याचा खिसा कापला गेल्यास ती चोरी अंशात मोजली जाते. परिणामी बाजारपेठेचा दर फुगतो.

दुसरे असे की, नोंद म्हणजे घटना नव्हे. ललिता कुमारी खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरविली. तरीही भीतीपोटी ठाण्याची पायरी न चढणारी वस्ती कागदावर शांत दिसते, तर निर्भयपणे तक्रार करणारी वस्ती बदनाम होते.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समूहांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पारधी वस्तीवरील संशय मात्र टिकून आहे. कच्च्या दरांची तुलना त्या संशयाला अंकांचा आधार देते. म्हणून गुन्ह्याचा प्रकार, घटनास्थळ व दिवसाची वर्दळ स्वतंत्रपणे विचारात घेऊन आणि पीडितांच्या सर्वेक्षणाची जोड देऊनच अशी तुलना ग्राह्य मानणे उचित ठरेल.