ओवीतील संबोधन आणि सासुरवास

जात्यावरच्या ओवीस एकाकी स्त्रीचा विलाप मानण्याची रूढी आपल्या समीक्षेत दृढ आहे. ओवीची भाषा मात्र निराळी साक्ष देते. ‘सये’, ‘बाई’, ‘गं’ ही संबोधने केवळ पादपूरणार्थ येत नाहीत. खुंट्याला हात लावून समोर बसलेली दुसरी स्त्री त्यांत गृहीत असते. एकीने ओवी गावी व दुसरीने ती उचलावी, या क्रमात एकीच्या दुःखाला दुसरीच्या अनुभवाचा दुजोरा मिळतो.

‘सासुरवास’ या शब्दाचा विचार याच संदर्भात करावा. त्याचा मूलार्थ सासरी राहणे एवढाच. रूढार्थ मात्र छळ. तेथील वास्तव्यालाच जाचाचा अर्थ चिकटला. शाब्दिक व भावनिक छळाची दखल २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्याने घेतली. स्त्रियांच्या बोलीने त्याला त्याआधीच नाव दिले होते.

तथापि केवळ गौरव करून भागणार नाही. सोसण्याचा उपदेशही अनेक ओव्यांत आहे. सखीच्या ऐकण्याने मन हलके होई. सासर बदलत नसे.

हेमा राईरकर व गी पॉइटवां यांच्या प्रयत्नांतून लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. परंतु हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकड्यासारख्या गावी पिठाच्या गिरणीने दळणाचे कष्ट वाचवले, तेव्हा पहाटेची ती बैठकही मोडली. कष्ट गेले ते इष्टच. ओवी संग्रहात उरली. ती ऐकून उत्तर देणारी मात्र संग्रहात उरत नाही. ओवीचा अर्थ लावताना तिचे स्थान प्रथम निश्चित केले पाहिजे.