८२ टक्के की ९७? रामन आणि जिवाणूंवरचा एक पेपर वाचताना

२०१९ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये स्टॅनफर्डच्या गटाचा एक पेपर आला: रामन स्पेक्ट्रोस्कोपी आणि डीप लर्निंगने रोगकारक जिवाणू ओळखायचे. या विषयात उतरणाऱ्याच्या हातात तो कधी ना कधी पडतोच.

तत्त्व सोपं आहे. जिवाणूवर लेझर टाकला की जवळपास सगळा प्रकाश त्याच तरंगलांबीचा विखुरतो. साधारण एक कोटीत एखादा फोटॉन रेणूंच्या कंपनांमुळे ऊर्जा बदलून येतो. प्रथिनं, डीएनए, मेद सगळ्याच जिवाणूंत असतात, त्यामुळे दोन जातींचे स्पेक्ट्रा डोळ्यांना सारखेच दिसतात. या गटाने एकेका सेकंदात घेतलेले, नॉइजने भरलेले स्पेक्ट्रा न्यूरल नेटवर्कला शिकवले, चाचणीचे नमुने वेगळे वाढवले आणि डेटा खुला ठेवला. काम दमदार आहे, यात वादच नाही.

आता आकडे बघा. ३० आयसोलेटपैकी नेमका कोणता? ८२ टक्क्यांच्या थोडं वर. अँटिबायोटिक कोणतं? ९७. मॉडेल तेच, प्रश्न बदलला. एकाच औषधाला दाद देणाऱ्या दोन जिवाणूंची अदलाबदल झाली तर ती इथे चूक धरत नाहीत. डॉक्टरांच्या दृष्टीने ते योग्यच. पण सेमिनारमध्ये नुसतं ९७ सांगून पुढे जाणं मला पटत नाही. कारण जिथे औषध खरंच बदलतं, त्या एमआरएसए-एमएसएसए जोडीत आकडा ८९ वर येतो.

माझा मोठा आक्षेप वेगळाच आहे. प्रत्येक आयसोलेटचे २,००० असे ६०,००० स्पेक्ट्रा, पण बहुतेक जातींचे आयसोलेट एक किंवा दोनच! मग मॉडेल जात शिकलं की तो विशिष्ट स्ट्रेन? लेखकांनी ५० रुग्णांचे आयसोलेट तपासले, प्रत्येकी १० स्पेक्ट्रांत औषधाची निवड ९९.७ टक्के बरोबर आली. मात्र त्याआधी मॉडेलला इतर रुग्णांच्या स्पेक्ट्रांची पुन्हा शिकवणी द्यावी लागली. हे वाक्य वाचताना सहज निसटतं.

आणि शीर्षकातलं 'रॅपिड'? जिवाणू आधी रात्रभर वाढवून, सोन्याचा थर दिलेल्या पृष्ठभागावर सुकवले होते. वाढलेली कॉलनी हातात असेल तर माल्डी-टॉफ मशीन काही मिनिटांत जात सांगतंच. वेळ वाचेल तो थेट रक्तातून ओळखता आलं तर. सेप्सिसमध्ये एक मिलिलिटर रक्तात अनेकदा शंभरही जिवाणू नसतात, तांबड्या पेशी मात्र सुमारे ५०० कोटी. त्यातून ते वेगळे काढणं या पेपरात करून दाखवलेलं नाही.