मोजलेले दगड, न मोजलेली भाकर

टी. ई. लॉरेन्स यांचे नाव घेताच अरबस्तानच्या वाळवंटातील सेनानी डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘क्रुसेडर कॅसल्स’ या त्यांच्या पुस्तकात मात्र आपल्याला भेटतो तो ऑक्सफर्डचा एक विद्यार्थी. लॉरेन्स यांच्या निधनानंतर, १९३६ साली, हे पुस्तक दोन खंडांत प्रसिद्ध झाले. पहिल्या खंडात त्यांचा पदवीसाठीचा प्रबंध आहे, तर दुसऱ्यात प्रवासातून घरी धाडलेली पत्रे. हे दोन खंड शेजारी ठेवून वाचले, म्हणजे एकाच तरुणाच्या दोन दृष्टी ध्यानात येतात.

१९०९ च्या उन्हाळ्यात हा तरुण तुर्की अमलाखालील सीरिया आणि पॅलेस्टाईन या प्रदेशांत सुमारे हजार मैल चालला. उन्हाळ्यात जाऊ नये, असा जाणत्यांचा सल्ला त्याने मानला नाही. वाटेत हिवतापाने त्याला गाठले, लुटारूंनी मारहाण केली. एकविसावे वर्ष त्याने या पायपिटीतच पूर्ण केले. क्रूसयोद्ध्यांचे छत्तीस किल्ले पाहून, आराखडे आणि छायाचित्रे घेऊन तो परतला. १९१० साली त्याला प्रथम श्रेणी मिळाली.

प्रबंधाचा मुद्दा एकच आहे. क्रूसयोद्धे दुर्गविद्या पूर्वेकडील बायझंटाईनांकडून शिकले, असे तेव्हाचे विद्वान मानीत. लॉरेन्स उलट सांगतो, की ती विद्या त्यांनी पश्चिमेहूनच आणली. फ्रान्समधील किल्ले सायकलवरून हिंडून त्याने आधीच पाहिले होते. त्यामुळे त्याच्या तुलनेला प्रत्यक्ष पाहणीचे बळ आहे. ग्रंथालयात बसून मत बनविण्यापेक्षा दगडांपाशी जाऊन ते तपासावे, हा या प्रबंधाचा मोठा गुण होय. परंतु वाद जिंकण्याच्या भरात लेखक एका टोकाला जातो. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली आणि स्थानिक परंपरेचाही त्यात वाटा होता, असे पुढील संशोधकांनी दाखविले आहे.

याहून गंभीर उणीव दृष्टीची आहे. क्राक दे शेव्हालिए हा हॉस्पिटलर संघाचा भव्य किल्ला १२७१ साली सुलतान बैबर्सने जिंकला आणि तेथील प्रार्थनामंदिराची मशीद झाली. लॉरेन्स तेथे गेला तेव्हा तटांच्या आत एक गावच नांदत होते. प्रबंधाचे लक्ष मात्र बुरुजांवर खिळलेले आहे. क्रूसाच्या नावाने उभारलेल्या या भिंतींची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्यात उमटत नाही. आपल्याला तो टाळता येणार नाही. १२०४ साली क्रूसयोद्ध्यांनी ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलच लुटले. त्याबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००१ साली अथेन्समध्ये खेद व्यक्त केला.

प्रबंधात हरवलेला माणूस पत्रांत सापडतो. दमलेल्या परक्या मुलाला गावकरी घरात घेतात, भाकर आणि आंबट दही पुढे ठेवतात, निजायला गोधडी देतात. आईला लिहिताना तो हे सारे बारकाईने नोंदवतो. गालीलबद्दलचे त्याचे पत्र तर आपण अवश्य वाचावे. रोमन काळातील अवशेष पाहून त्याला जाणवते, की प्रभू येशूच्या वेळी हा प्रदेश ओसाड नव्हता. तेथे खांबांची घरे होती, नांदती नगरे होती. नाझरेथजवळचे सेफोरिस हेरोद अंतिपाने प्रभूच्या बालपणीच नव्याने उभारले होते. आपल्या चित्रांतला गालील किती अपुरा आहे, हे त्यावरून कळते. मात्र त्याच पत्रात, त्या काळच्या गालीलची थोरवी गाताना, आपल्याला आश्रय देणाऱ्या समाजाला तो कमी लेखतो. भाकर देणाऱ्याचे ऋण त्याच्या लेखी आहे, पण त्याच्या भूमीवरील हक्काचा विचार नाही.

म्हणून प्रबंधापेक्षा पत्रे सरस ठरतात, पण निर्दोष ठरत नाहीत. क्राकच्या किल्ल्याचे २०१३ साली सीरियातील यादवी युद्धात पुन्हा नुकसान झाले, तेव्हा जगाने प्रथम हळहळ केली ती वास्तूसाठी. त्याच भूमीवर घरदार गमावलेल्यांची संख्या लाखांत होती. परदेशी शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे पुस्तक जरूर सोबत न्यावे. लॉरेन्सकडून पाहण्याची शिस्त घ्यावी, पायी चालण्याची जिद्द घ्यावी. आणि अवशेषांच्या सावलीत आज कोण राहते, हे विचारायला मात्र त्याच्याहून दोन पावले पुढे जावे.