धर्मानंदांचे 'निवेदन' आणि आजचा उमेदवार

धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' 1924 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडलेल्या एका जिज्ञासूची कथा म्हणून ते आपल्याकडे वाचले जाते. हे वाचन चुकीचे नाही. अपुरे मात्र आहे. आमच्या सुर्ल्यासारख्या गावांतून मराठी वा इतिहास घेऊन एम.ए. झालेली मुले 'लेक्चर बेसिस'वर वर्षानुवर्षे काढत असता, विद्येतून उपजीविका शोधणाऱ्या माणसाची हकीकत म्हणूनही ते वाचावयास हवे.

1876 साली सांकवाळ येथे जन्मलेल्या धर्मानंदांजवळ पदवी नव्हती. 1899 मध्ये घर सोडून, काशीस अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे सिलोन, ब्रह्मदेश येथे जाऊन पाली आत्मसात केली. कलकत्त्यास पाली शिकविण्याचे काम मिळाले. पण महाराष्ट्रात त्या विषयाचा प्रसार व्हावा म्हणून ते सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा 50 रुपयांचे साहाय्य पत्करले. 1910 मध्ये ते 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी हार्वर्डला गेले आणि 1912 पासून फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. ज्या विषयाला आपल्याकडे जागाच नव्हती, त्याची जागा त्यांनी इतरांच्या साहाय्याने निर्माण केली. हे सारे ते कोठेही आत्मस्तुती वा आत्मकरुणा न करता सांगतात, हे या गद्याचे मोठे बळ होय.

उणीव आहे ती वेगळी. मागे राहिलेली पत्नी आणि तान्ही मुलगी यांनी या शोधाची जी किंमत मोजली, तिचा हिशेब या पुस्तकात पुरेसा येत नाही. संयम हा लेखकाचा गुण खरा. परंतु येथे तो मौनाच्या बाजूला झुकतो.

म्हणूनच हे पुस्तक आदर्श म्हणून मुलांच्या हाती देताना वडीलधाऱ्यांनी थोडे थांबावे. आज पदवीविना धर्मानंदांना साहाय्यक प्राध्यापकपदासाठी अर्जही करता आला नसता. पदव्युत्तर परीक्षेत सामान्यतः 55 टक्के गुण आणि नेट किंवा सेट हवी. 2023 पासून त्या पदासाठी पीएच.डी. ऐच्छिक झाली आहे. 2012 पासून नेटच्या सर्व प्रश्नपत्रिका वस्तुनिष्ठ झाल्या. दीर्घ व्यासंग त्यांत दिसतोच असे नाही. गोव्यातील सरकारी महाविद्यालयांसाठी रहिवासाचा दाखला आणि कोकणीचे ज्ञानही लागते. सरकारी सेवेत अर्जांच्या छाननीचे काम मी केले आहे. एक दाखला नसला की अर्ज तेथेच बाद होतो. उमेदवाराची विद्वत्ता मुलाखतीपर्यंत पोचत नाही.

तेव्हा 'निवेदन' अवश्य वाचावे, विषयावरील निष्ठेसाठी. त्याबरोबरच कागदपत्रे वेळीच जमवावीत, सेट आणि नेट दोन्ही द्याव्यात, आणि किती वर्षे वाट पाहावयाची व तोवर घर कोणी चालवायचे, हे घरातल्या सर्वांनी एकत्र बसून बोलावे. धर्मानंदांच्या घरी ते बोलणे राहून गेले होते. आपल्या घरी ते राहू नये.